डोळा फुटेपर्यंत

…साखर सोडायला काय झालं होतं मला? तुम्हीच सांगा! चहातली साखर सोडली असती, दुपारची झोप सोडली असती, अनवाणी चालले असते, आवडती खुर्ची सोडून फरशीवर बसले असते... आजवर काय कमी नवस बोललेय मी? लेकीच्या परीक्षेला साखर सोडली, ह्यांच्या बढतीसाठी गादी सोडली (बढती मिळाली नाही, पाठ मात्र धरली, तीही माझी), मामंजींच्या गुडघ्यासाठी कठडा न धरता जिना चढत होते. सगळे नवस फेडलेत हो! देवाकडे माझ्याबद्दल एक तक्रार निघायची नाही. पण या खेपेला हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं काय? "देवा, या दांड्याला कोंब फुटेपर्यंत मी कुणावर रागावणार नाही!"

झालं! बोलून बसले! आणि तुम्हाला सांगते, देवसुद्धा क्षणभर थांबला असेल, म्हणाला असेल, बाई, तुझ्या घरात कोण कोण राहतं ते मला ठाऊक आहे, पुन्हा एकदा विचार कर, हवं तर मी ऐकलंच नाही असं समजतो... पण नाही! मी नमस्कार करून निघालेसुद्धा.

आता दांडा कसला, ते सांगते. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांच्याकडे एक झाड होतं, घरात ठेवायचं, हातभर लांब पानं, पानांवर पांढरे ठिपके, वाढून वाढून खिडकीच्या वरच्या गजाला टेकलेलं. त्याला एक भलंमोठं नाव आहे, पण ते घेताना माझी जीभ मध्येच बसकण मारते, म्हणून आमच्यात तो 'ठिपकेवाला'. वन्संच्या यजमानांनी ते आणलं होतं. दर सुट्टीच्या दिवशी ते गृहस्थ ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. गेल्या वर्षी ते गेले. वन्संनी दुसऱ्या गावात नोकरी धरली, खोली मिळाली ती अशी की खिडकी उघडली की समोर भिंत. मग एक दिवस झाड कडेवर घेऊन आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "वहिनी, त्यांच्या हातचं एवढंच जिवंत उरलंय. तिथं अंधारात मरेल. तुझ्याकडे ठेवते. तू जीव लावतेस."

आता मी जीव लावते, ते खरं. पण जीव लावणारी मी एकटी नव्हते ना घरात!

आमचे हे बाजारातून एक कुंडी घेऊन आले. निळीशार, चकचकीत, वर सोनेरी वेलबुट्टी. मी उलटी करून पाहिली. "अहो, हिला खाली भोक नाही." हे म्हणतात कसे, "भोक कशाला? फरशी खराब होते!" आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात झाड त्या बिनभोकाच्या कुंडीत बसवून मोकळे! बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण हे कामावर जाताना त्याला तांब्याभर पाणी घालणार, का, तर ताईचं झाड आहे! मामंजी दिवसातून जेवढ्या वेळा पाणी पिणार, तेवढ्या वेळा पेल्यातलं उरलेलं त्या कुंडीत ओतणार, का, तर बिचारं बोलत नाही, त्यालाही तहान लागत असेल! प्रत्येकाला वाटायचं, घरात मायाळू काय ते आपण एकटेच! आणि ते पाणी जाणार कुठं? भोक नाही! ते झाड बिचारं चोवीस तास गळ्यापर्यंत मायेत बुडालेलं!

पानं पिवळी पडायला लागली. हे म्हणाले, "हवा बदलतेय." पानं गळायला लागली. हे म्हणाले, "जुनी जातात, नवी येतात." मग एक दिवस बुंध्याला बोट लावलं तर बोट आत गेलं! पिकून फुटलेल्या केळ्यासारखं! आणि त्याच वेळी फोन वाजला, वन्संचा. ह्यांनी उचलला. हातात गळून पडलेलं शेवटचं पान, आणि तोंडानं, "झाड ना? मस्त! एकदम मस्त! तू काळजीच करू नकोस ताई!"

तेव्हा मी रागावले होते. हो, तेव्हा परवानगी होती. काय सुंदर दिवस होते ते!

तर, बुंधा गेलेला, मुळं गेलेली, पानं गेलेली. उरला फक्त वरचा दांडा. हिरवा, कडक, बोडका. तो फडक्यात गुंडाळून मी नर्सरीवाल्याकडे गेले. हा माणूस म्हणजे... पाइप धरून कुंड्यांवर पाणी मारतोय आणि माझ्याकडे बघायलाही तयार नाही.

"पानं आहेत?"

"नाहीत."

"मुळं?"

"कुजली हो सगळी."

"दांडा?"

"हा काय, कडक आहे."

"मग आहे की सगळं. तुकडे करा."

तुकडे! मी वन्संच्या झाडाचे तुकडे करायचे! तर तो पाइप न थांबवता सांगतोय, की दांड्याला पेरं असतात, उसाला असतात तशी, आणि पेरापाशी बारीकसा फुगवटा असतो, तो डोळा. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. कापलेल्या बाजू वाळू द्यायच्या, मग तुकडे ओलसर भुशावर आडवे निजवायचे, अर्धे बुडालेले, अर्धे उघडे, डोळा वर. झाकणाचा डबा, ऊबदार जागा, पाणी घालायचं नाही, फक्त भुसा वाळला तर थेंब थेंब टाकायचे. आणि हात लावायचा नाही!

"फुटेल का?" मी विचारलं.

"फुटला तर फुटेल."

"आणि नाही फुटला तर?"

"तर नाही फुटणार."

हे ज्ञान घ्यायला मी दोन बस बदलून गेले होते! तिथंच, त्या पाइपच्या चिखलात उभी राहून, घाबरलेल्या जिवानं मी तो नवस बोलले. नाही फुटला तर वन्संना तोंड कुठल्या तोंडानं दाखवायचं? त्यांनी झाड नव्हतं दिलं हो माझ्याकडे. ज्या हातांनी ती पानं पुसली, ते हात दिले होते.

घरी आले. भाजीची सुरी गरम पाण्यात धुतली, तुकडे केले, चार झाले. चार डोळे. ते वाळवले, पारदर्शक डब्यात भुसा पसरला, चौघांना शेजारी शेजारी निजवलं, झाकण लावलं, डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला, तिथं ऊब असते म्हणून. आणि घरात जाहीर केलं, अगदी गोड आवाजात, "डब्याला कुणीही हात लावायचा नाही हं."

आता माणसाला सांगितलं, या डब्याला हात लावू नकोस, की त्याचा हात जातो कुठं? सांगा ना!

पहिल्या आल्या समोरच्या बाई. त्यांना सगळं येतं. तुमच्या घरातलं तर तुमच्यापेक्षा जास्त येतं. मी आत गॅसवर दूध बघतेय, आणि बाहेरून आवाज, "अगंबाई, ही काय लाकडं उकडत ठेवलीस?" मी सांगितलं, झाड आहे, फुटायला ठेवलंय. "झाड? आणि निजलेलं? निजलेलं झाड कधी पाहिलंयस का गं तू? झाडं उभी असतात!" आणि मी दूध उतरवून बाहेर येईपर्यंत बाईंनी एक तुकडा उचलून भुशात खुपसलासुद्धा! उभा! आणि तोही उलटा! डोळा खाली, शेपूट वर! वर त्याला पेलाभर पाणी! "आता बघ कसं तरारेल!"

तरारलं कसलं! आठवडा जायच्या आत वास सुटला. हाताला लागला तो लगदाच. आणि बाई दारात उभ्या राहून म्हणतात, "मी तेव्हाच म्हणत होते, यात जीव नव्हता!"

रागावले मी? छे! नवसात होते ना! मी हसले. अशी हसले, अशी हसले, की बाई दोन पावलं मागं सरकल्या. मग न्हाणीघरात गेले, नळ पूर्ण सोडला, आणि बादलीशी बोलले. बादलीवर रागावणार नाही असं मी बोलले नव्हते! तसा हिशेब स्वच्छ आहे माझा. त्या बादलीनं जे ऐकलंय ते दुसऱ्या बादलीनं ऐकलं असतं तर तिला तडा गेला असता.

उरले तीन. मग काय झालं, एके सकाळी मी ताटं मांडतेय तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय चुकतंय, काय चुकतंय... आमचं जेवायचं टेबल डुगडुगत नव्हतं! लग्न झाल्यापासून ते टेबल डुगडुगतंय. आमटी वाढली की वाटीत लाट येते. आणि आज गप्प, एखाद्या खडकासारखं! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बोटं खाजवत होते. आता त्या दांड्याचा चीक लागला की खाज सुटते, हे मला कापताना कळलेलं. मी गोड आवाजात विचारलं, "काय हो, बोटांना काय झालं?"

"मुंगी चावली."

"पाचही बोटांना?"

"मुंग्या होत्या."

मी खाली वाकले. टेबलाच्या पायाखाली, चपटा झालेला, चीक गळणारा, वन्संच्या ठिपकेवाल्याचा तुकडा! आणि हे म्हणतात काय? सॉरी नाही, चुकलं नाही, आनंदानं म्हणतात, "अगं, बरोब्बर मापाचा होता! इतकी वर्षं शोधत होतो मी असा तुकडा!" मी म्हटलं, "अहो, पण त्याचा डोळा..." तर म्हणे, "डोळ्याची बाजू बाहेर ठेवलीय की!"

रागावले मी? नाही रागावले! नवसात होते! मी ह्यांना पोळी वाढली. तूप लावून वाढली. हे घाबरून दुसरी नको म्हणाले. आणि मी चादरी घडी करायला घेतल्या. धुतलेल्या, न धुतलेल्या, पलंगावर अंथरलेल्यासुद्धा. चादर झटकायचा आवाज किती मोठा होतो, तुम्ही कधी लक्ष दिलंय?

त्यात मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर झाकण, औषधाचे थेंब, वाकायचं नाही, चोळायचं नाही, टीव्ही नाही. मग माणसानं वेळ घालवायचा कसा? तर उठायचं, फ्रिजपाशी जायचं, डब्याचं झाकण उघडायचं, चांगला डोळा आत लावायचा, आणि घरभर ऐकू जाईल असं जाहीर करायचं, "सूनबाई, अजून काही नाही!" अर्ध्या तासानं पुन्हा, "सूनबाई, अजून काही नाही!" मामंजी, अहो झाकण उघडलं की आतला ओलावा जातो! "मग लावतो की परत." लावायचे. आणि लागलं की नाही ते पाहायला उघडायचे!

रागावले मी? वडीलधारे आहेत! आणि नवस! मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही बसा, मी सांगते काही झालं तर." ते म्हणाले, "तुला घरात किती कामं, मी लक्ष ठेवतो."

आणि मग तो दिवस. मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी, मामंजींच्या थेंबांची दुसरी बाटली आणायला. थेंबांची वेळ झाली म्हणून ह्यांना फोन लावला. "अहो, डोळ्यात थेंब टाकलेत का?"

"आत्ता टाकतो."

"आधी हात धुवा."

"धुतो."

"झाकण नीट लावा नंतर. उजेड नको यायला. आणि बोट लावू देऊ नका."

"कुणालाही लावू देणार नाही!"

तुम्हाला सांगते, रांगेत माझे डोळे भरून आले. म्हटलं, किती बदलला हा माणूस! नवस असा पावतो, एक मागावं आणि दुसरंच मिळावं! घरी येऊन बघते तर मामंजी खुर्चीत, डोळा कोरडा ठणठणीत, आणि फ्रिजवर डब्याशेजारी औषधाची बाटली. रिकामी! मी मामंजींना विचारलं, "थेंब टाकले नाहीत?" ते म्हणाले, "मला वाटलं, डॉक्टरांनी आज सुट्टी दिली." मी ह्यांच्याकडे वळले, तर हे छाती काढून, "दोन्ही डोळ्यांत टाकले! हात धुऊन! वर थोडे जास्तीचे टाकले!"

"अहो, मामंजींचा डोळा!"

"मग तसं सांगायचं ना! या घरात डोळा म्हटलं की डबा, हे शिकवलं कुणी आम्हाला? सकाळी उठल्यापासून डोळा कसा आहे, डोळा सुकला का, डोळा वर आहे का... बाबांचा असता तर तू 'मामंजींचा डोळा' म्हणायचीस!"

आणि चीड कशाची, सांगू? ते बरोबर बोलत होते! चुकीचा माणूस चुकीचं बोलला तर गिळता येतं हो, पण चुकीचा माणूस बरोबर बोलला तर ते घशातच बसतं. त्यात मामंजी शांतपणे म्हणाले, "आधी झाडाचा, मग माझा. हल्ली क्रम तसाच आहे."

रागावले मी? नाही! नाही! नाही रागावले! मी मामंजींच्या डोळ्यात नव्या बाटलीतले थेंब टाकले. मग न्हाणीघर. नळ. बादली.

त्या दोघांपैकी एकाची कड दोन दिवसांत काळी पडली. औषधानं, की झाकण उघडून उघडून, देव जाणे. सडलेलं कापत जायचं असतं, आतला पांढरा चांगला भाग लागेपर्यंत. मी कापत गेले, कापत गेले... चांगला भाग लागलाच नाही. सुरी पुसून ठेवली. त्या दिवशी राग नव्हता आला हो. त्या दिवशी भीती वाटली.

उरला एक. एकच डोळा. मग मात्र मी तो डबा उचलून माझ्या कपाटावर ठेवला, स्टुलावर चढल्याशिवाय दिसणार नाही असा. आणि एक दिवस स्टुलावर चढून पाहते तर... फुगवटा जरा जास्तच फुगल्यासारखा. तट्ट. चकचकीत. आत काहीतरी ढकलतंय असा. मी खाली उतरले, आणि तेवढ्यात फोन. वन्संचा. आणि घरात हे नाहीत, फोन माझ्या हातात!

पलीकडून आवाज, हळू, घाबरलेला, "वहिनी, खरं सांग. डोळा कसा आहे?"

कुणी सांगितलं यांना? म्हटलं, ह्यांना कंठ फुटला असणार! आणि बाई, माझ्यानं खोटं बोलवत नाही. हे बोलतात, मी आपली इतके दिवस, "आहे हो, जीव आहे" एवढंच म्हणत आले. पण आता सरळ विचारलं तर काय करू? मला हुंदकाच फुटला. "वन्सं, माफ करा मला. नुकताच एक गेला. सडला. काळा पडला होता."

पलीकडून, "सडला? मग... मग डॉक्टरांनी काय केलं?"

मला वाटलं, त्या नर्सरीवाल्याला डॉक्टर म्हणतायत, मानानं. म्हटलं, "तो माणूस हात लावत नाही हो! मीच कापून टाकला. भाजीच्या सुरीनं. पण सुरी आधी गरम पाण्यात धुतली होती, तुमची शपथ!"

"कापला? तू? घरी?"

"ओट्यावर. पण वन्सं, आता धीर सोडू नका! एक उरलाय. चांगला टरारून फुगलाय. आज-उद्या फुटेल! एकदा का तो फुटला ना, की मी सुटले!"

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. वन्सं! केस विस्कटलेले, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच, आणि डोळे रडून लाल. मला ढकलून आत शिरल्या. मामंजी काळा चष्मा लावून आरामात पेपर वाचत होते. वन्संनी त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "बाबाऽऽ!" मामंजी दचकून म्हणतात, "काय गं? कोण गेलं?"

वन्संनी चष्मा उचलून पाहिलं. एक डोळा. दुसरा डोळा. दोन्ही जागच्या जागी, त्यातला एक तर आधीपेक्षा चकचकीत. मग त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, फोनवर तू म्हणालीस, सडला, कापला..."

"तो तुमच्या झाडाचा हो!" माझ्या तोंडून गेलं.

दारात समोरच्या बाई उभ्या होत्याच, हंबरडा ऐकून आलेल्या. हे कामावरून येऊन बुटाची नाडी सोडता सोडता तसेच वाकलेले राहिले. वन्संनी खिडकीकडे पाहिलं. तिथं निळी कुंडी होती, सोनेरी वेलबुट्टीची, आत हे छत्र्या ठेवायला लागले होते.

"झाड कुठाय माझं?"

मी स्टुलावर चढले, डबा काढला, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. भुसा. त्यावर बोटाएवढा एक दांडा. वन्संनी डबा जवळ ओढला.

"पानं?"

"गेली."

"मुळं?"

"गेली."

"मग राहिलं काय?"

नर्सरीवाला एवढं सहज म्हणाला होता, आहे की सगळं. ते मला त्यांच्या तोंडावर म्हणवेना. त्यांनी बोट पुढं केलं, दांड्यावरून फिरवायला, आणि मी, मी, वन्संवर, जवळजवळ ओरडणार होते, हात लावू नका! पण नवस! मी ओठ मिटून घेतले, दात रोवून, आणि त्यांनी बोट अलगद फिरवलं. ओल्या फडक्यानं पान पुसावं तसं.

मामंजी उठून जवळ आले, वाकले. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण ऐकतंय कोण! ऑपरेशनचा डोळा डब्यावर धरला आणि म्हणाले, "सूनबाई, तो हिरवा ठिपका कसला?"

"मामंजी, काही नसणार, बसा तुम्ही."

"अगं, आहे! टोकदार आहे! तुला दिसत नाही? ऑपरेशन करून घे!"

मी वाकले. वन्सं वाकल्या. हे वाकलेलेच होते. फुगवट्याला चीर पडली होती आणि त्यातून, टाचणीच्या डोक्याएवढं, हिरवं, ओलं, वळलेलं काहीतरी वर आलं होतं. कोंब! डोळा फुटला! "जिवंत आहे," वन्सं एवढंच म्हणाल्या.

आणि मला काय वाटलं? आनंद? हो, वाटला, नाही कशी म्हणू, मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि जोडलेले हात सुटायच्या आत लक्षात आलं... नवस फिटला! मी मोकळी झाले!

मग मी कंबर कसली. समोरच्या बाईंना म्हटलं, झाडं उभी असतात, तर तुम्हीही तशाच उभ्या राहा, हलायचं नाही! ह्यांना म्हटलं, भोक, अहो भोक, कुंडीला भोक असतं, डोक्याला नसलं तरी चालतं! टेबलाच्या पायाखाली घालायला घरात तुमचे ते न वाचलेले जाडजूड ग्रंथ नव्हते? मुंग्या! पाचही बोटांना मुंग्या! मस्त आहे, एकदम मस्त आहे, म्हणून बहिणीला फसवताना जीभ नाही खाजवली? मामंजींना म्हटलं, अजून काही नाही, अजून काही नाही, अहो, रेडिओवर बातम्यासुद्धा इतक्या वेळा लागत नाहीत! वन्संना म्हटलं, आणि तुम्ही! डोळा कसा आहे म्हणून विचारायची ही पद्धत झाली? कुणाचा ते विचारायला जीभ झिजते? त्या नर्सरीवाल्याला, तो नसताना, खिडकीतून, त्याच्या गावाच्या दिशेला तोंड करून म्हटलं, फुटला! बघ! फुटला! रागावले मी! हो, रागावले! साठलेलं, मुरलेलं, व्याजासकट रागावले!

आणि मी दम घ्यायला थांबले, तर आमचे हे, हातात एक बूट धरून, खरोखर कुतूहलानं विचारतात, "अगं, म्हणजे इतके दिवस तू रागावलेली नव्हतीस?"

बूट खाली ठेवून हे पुढं म्हणतात,

"मग ते काय चाललं होतं? त्या चादरी... ते तूप..."

मामंजी म्हणाले, "आणि ती बादली. मला वाटायचं, धरण फुटलं."

समोरच्या बाई हलायचं नाही हे विसरून म्हणाल्या, "तू त्या दिवशी हसलीस ना, तेव्हापासून मी दाराला आतून कडी लावते."

माझा नवस, हो! पोट आवळून, दात आवळून पाळलेला नवस, आणि घरात कुणाला पत्ताच नाही! मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग तोंडावर हात, मग हातही पुरेना. दोन वेगळ्या चपला घातलेल्या त्या बाई टेबलाला धरून, डोळे पुसत, हसत राहिल्या. यजमान गेल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि आता सांगा, माझ्याकडे निम्मा राग शिल्लक होता, त्याचं मी काय करायचं? हसणाऱ्या माणसासमोर काढता येतो का तो? गिळला पुन्हा!

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाल्याला फोन करून सांगितलं, कोंब आला. तर म्हणतो, "कोंबाचं काय, दांड्यात साठवलेलं असतं, त्यावर येतो. ते संपायच्या आत खाली मूळ धरायला हवं. मूळ धरलं तर झाड."

"आणि धरेल का?"

"ते..."

मी फोन ठेवला. पुढचं मला पाठ आहे.

वन्संनी डब्याचं झाकण स्वतःच्या हातांनी लावलं. म्हणाल्या, "मूळ धरेपर्यंत इथंच राहू दे वहिनी. मी दर सुट्टीला येईन बघायला." ज्या बाई सणावारालाही खोलीतून बाहेर पडायच्या नाहीत, त्या दर सुट्टीला येणार! मग मी काय करणार होते? सांगा! हात जोडले, डोळे मिटले, आणि बोलले पुन्हा. तोच. मूळ धरेपर्यंत. रागाऐवजी साखर म्हणायला हवं होतं, हे डोळे उघडल्यावर सुचलं.

तर आजपासून मी पुन्हा नवसात आहे. वन्सं बाहेर तो डबा बघतायत, हे कुंडीला भोक पाडायला बसलेत आणि तुम्ही ऐकताय ना तो आवाज, ती कुंडी आत्ताच फुटली... नाही, नाही रागावले मी. पण एक विनंती आहे तुम्हाला, अगदी मनापासून. तुम्हीही बोला ना हाच नवस, आपापल्या घरी, कुणासाठी का होईना. मी एकटीनंच किती गोड बोलायचं हो?